पडदेमास्तरांची बाग

पडदेमास्तर माणसाशी बोलताना त्याच्याकडे कधी बघत नसत; त्याच्या मागे बघत. पहिल्या भेटीत समोरचा माणूस हमखास मान वळवून बघायचा, की आपल्या पाठीशी कोण येऊन उभं राहिलंय. कोणीही नसायचं. एखादी भिंत असायची, नाहीतर अर्धवट उघडं दार, नाहीतर दोरीवर वाळत घातलेलं लुगडं. मास्तर त्या भिंतीशी, त्या लुगड्याशी बोलल्यासारखे बोलायचे, आणि आपण उगाचच मधे अडचण करून उभे आहोत असं आपल्याला वाटत राहायचं.

त्यांच्या लक्षातही माणसं तशीच राहायची. नाव सांगता यायचं नाही, चेहरा तर मुळीच नाही. पण तो माणूस कशापुढे उभा होता ते दहा वर्षांनीही बिनचूक सांगायचे. माझी बायको त्यांना पहिल्यांदा दिसली तेव्हा माजघराच्या निळ्या भिंतीपाशी ज्वारी निवडत बसली होती. तेव्हापासून ती 'निळ्या भिंतीच्या वैनी' झाली, ती कायमची. पुढे आम्ही घराला पिवळा रंग दिला, तरी तिचं नाव काही बदललं नाही. "मास्तर, मला एकदा तरी नीट बघा हो," ती चिडून म्हणायची. "बगितलं की वैनी," मास्तर म्हणायचे, "तुमच्या उजव्या खांद्याच्या वर पोपडा आलाय. चुना ओला असताना रंग मारलाय कुनीतरी." रंग मीच मारला होता, त्यामुळे पुढचा अर्धा तास माझा उद्धार व्हायचा.

सोलापुरात, नव्या पेठेत, पहिल्या मजल्यावर माझा फोटोचा स्टुडिओ होता आणि मागे आमचं बिऱ्हाड. उत्तरेकडच्या उतरत्या छपराला काचा बसवलेल्या होत्या आणि त्या उजेडात मी निम्म्या गावाचे फोटो काढले आहेत असं मी अजूनही बढाईनं सांगतो. मास्तर मूळचे सांगोल्याकडचे. पोरवयात एका नाटक कंपनीबरोबर गाव सोडलं ते पुन्हा तिकडे फिरकलेच नाहीत. कंपनीचे सगळे पडदे त्यांनी रंगवलेले: महाल, रस्ता, अरण्य, कारागृह, बाग. बोलपट आले आणि नाटकं ओस पडायला लागली. ही कंपनी नेमकी आमच्या सोलापुरात येऊन मोडली. नटमंडळी मिळेल त्या गाडीनं आपापल्या गावी पांगली. पडदे भंगाराच्या भावात गेले. मास्तर मात्र इथंच राहिले, कारण त्यांना जायला गाव असं उरलंच नव्हतं.

एकदा आम्ही दोघं बाजारातून येत होतो. समोरून भुईमुगाच्या शेंगांनी भरलेली बैलगाडी आली आणि तिच्यावर झाकण म्हणून मास्तरांचा महालाचा पडदा बांधलेला!   मास्तरांनी गाडी थांबवली, तिला एक पुरी प्रदक्षिणा घातली आणि गाडीवानाला म्हणाले, "पावनं, महाल उलटा बांदलाय की. कळस खाली आन् पायऱ्या वर झाल्यात. असं बरं दिसतं व्हय?" गाडीवान बिचारा घाबरून खाली उतरला. दोघांनी मिळून दोर सोडले, महाल सुलटा केला आणि पुन्हा बांधला. मग मास्तर चालायला लागले.

त्यांना मी स्टुडिओसाठी दोन पडदे करायला सांगितले. एक खांब आणि सज्जा, दुसरा नुसतंच आभाळ. मांजरपाटाचं कापड भिंतीला ताणून ठोकायचं, त्याला खडूचा पातळ हात द्यायचा, आणि मग भुकटीचा रंग गरम सरसात, म्हणजे जनावराच्या कातड्याच्या खळीत, कालवून लावायचा. या रंगाची एक खोड असते. ओला असताना तो गडद दिसतो आणि वाळला की पार फिका पडतो. त्यामुळे रंगवणाऱ्याला समोर दिसतं त्यावर विसंबून चालत नाही. उद्या दुपारी काय दिसेल ते आज सकाळी कळावं लागतं. मी मधेच "मास्तर, फार काळं होतंय" असं काहीतरी बोलायचो. "ओला रंग खोटं बोलतो, फोटोवाले," ते म्हणायचे. "वाळू द्या. मग बोला."

हे 'वाळू द्या' त्यांनी रंगापुरतं ठेवलं नाही. कशालाही ते हेच म्हणत. एकदा माझं आणि बायकोचं भांडण ऐन रंगात आलं होतं आणि मी ताट सरकवून उठलो. कोपऱ्यात जेवत बसलेले मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "आत्ता जे बोलला ते दोगांनीबी खरं धरू नका. वाळू द्या." बायकोला हसू फुटलं. मला राग गिळून पुन्हा बसावं लागलं. माझा स्वभाव तापट. त्या दोन शब्दांनी माझे किती प्रसंग वाचवले याची मोजदाद नाही.

दुसरा त्यांचा नेम पडद्याच्या रीतभातीचा. "पडद्यानं पुडं यायचं न्हाई," ते बजावून सांगत. "पडदा मागं, मानूस पुडं. मधली जागा मोकळी ठेवायची. तितं फूल न्हाई, पान न्हाई, उजेडबी मंद. लोकांची नजर तितं गेली आन् पडद्यावर अडकली की नटाचं मरन झालं." कंपनीत असताना कोणा राजाचं भाषण चालू असताना प्रेक्षकांतून "काय पडदा आहे!" असा आवाज आला होता. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी स्वतःच्या हातानं त्या पडद्यावरचं कमळांचं तळं पुसून टाकलं. हे ते अभिमानानं सांगत. माझ्या दोन्ही पडद्यांवर मधली जागा अशीच राखाडी, मवाळ होती. तिथं उभं राहून मिलचा जॉबर, म्हणजे मुकादम, साहेबासारखा दिसायचा आणि गिरणीतली पोरं नटासारखी.

मग मास्तरांना वाटेत माणसं धडकायला लागली. सुरुवातीला आम्ही हसलो. नंतर एकदा ते आमच्या जिन्याच्या कठड्याला ठेचकाळून पडले तेव्हा मी त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. काचबिंदू. मोतीबिंदूसारखा तो काढून टाकता येत नाही. कडेची नजर आधी जाते, मधली शेवटी, आणि गेलेली परत येत नाही. मास्तरांना हे कसं सांगावं याची जुळवाजुळव मी करत होतो, तर तेच जिन्यावर म्हणाले, "दोन्ही अंगांनी पडदा वढत आनल्यागत झालंय, फोटोवाले. मधे ताटलीएवडं दिसतंय. त्येबी मिटनार, व्हय न्हवं?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

चार दिवस ते आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते माझ्या पाठीमागच्या आभाळाच्या पडद्याकडे बघत उभे राहिले आणि त्यांनी एक गोष्ट मागितली. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच. "मला येक पडदा माज्या मनाचा करू द्या. जलमभर माज्या पडद्याम्होरं कुनी ना कुनी उभं ऱ्हायलंय. राजा म्हना, रानी म्हना, न्हाईतर तुमचं गिऱ्हाईक. येकदा, फकस्त येकदा, माजं काम लोकांनी बगावं आन् मधे कुनी नसावं. लोक बगताना मला दिसाया पायजेत. ताटली मिटायच्या आत."

काय रंगवायचं ते त्यांचं कधीपासून ठरलेलं होतं. एकदा कंपनीची गाडी केमच्या स्टेशनात इंजिन बिघडून दुपारभर अडकली होती. मंडळी सावली धरून पत्ते कुटत बसली आणि मास्तर रुळाकडेनं चालत गेले. पुढे कोण्या गोऱ्या इंजिनियरचा सोडून दिलेला बंगला होता. इंजिनाला पाणी देणारी टाकी वर गळत होती, ते पाणी झिरपत बंगल्याच्या बागेत उतरत होतं, आणि माळी जाऊन कैक वर्षं झाल्यामुळे बाग वाटेल तशी माजली होती. "बागंत माळी असला की बाग माळ्याची असती," मास्तर म्हणाले. "माळी गेला की बाग आपली सोताची. मी तितं पाय टाकला आन् मला वाटलं, आपन न इचारता कुनाच्या घरात आलो." गाडीची शिट्टी झाली म्हणून ते परतले. वीस वर्षं ती बाग डोक्यात घेऊन ते मोकळ्या मधल्या जागा रंगवत राहिले होते.

मी हो म्हटलं, पण माझ्या मनात काळंबेरं होतं. मला बागेचा एक पडदा हवाच होता. म्हटलं, मास्तरांची हौस होईल, लोक दोन दिवस बघतील, आणि मग तो माझ्या कामाला येईल. "मास्तर, मधली जागा तेवढी सोडा," मी सांगून ठेवलं. ते म्हणाले, "मधलं शेवटी करनार हाय." मी आपला निश्चिंत.

मागच्या लांबट खोलीत काम सुरू झालं. मास्तरांना एका वेळी पडद्याचा जेमतेम ताटाएवढा तुकडा दिसायचा. ते मान फिरवून फिरवून, तुकड्याला तुकडा जोडत जायचे. हाताच्या वितीनं मापं घ्यायचे. बायको दारात उभी राहून सांगायची, "अजून डावीकडे, मास्तर. तिथं फांदी तुटल्यासारखी दिसतेय." "तुटूं दे की, तुटल्यालीच हाय ती," असं उत्तर यायचं. पहिले काही दिवस ती मदत म्हणून उभी राहत होती. पुढे पुढे चुलीवर दूध उतू जायला लागलं तेव्हा मला कळलं, की ही मदत करत नाही, ही बघत उभी राहते.

मधेच मला फोटोच्या काचा आणि औषधं आणायला मुंबईला जावं लागलं. सात-आठ दिवस मोडले. सकाळच्या गाडीनं परत आलो, पेटी हातात तशीच घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि दारातच थांबलो.

पुरी भिंत बाग झाली होती. तुटक्या दगडी पायऱ्या खाली खाली हिरव्यात उतरत गेल्या होत्या. लोखंडी बाकावर जाईचा वेल असा चढला होता की बाकाचा एक हात तेवढा बाहेर राहिला होता. फाटकाचा एक दरवाजा वेलींनी गिळला होता, दुसरा कधीच उघडणार नाही असा मातीत रुतला होता. शेवाळलेलं कुंड, त्यात वरून कुठून तरी पडलेला दुपारचा उजेड, आणि तो उजेड पाण्यावरून उठून वरच्या पानांच्या पोटाला लागलेला. जास्वंदी, कन्हेर, पांगारा, सगळ्याला लालभडक बहर, आणि तो कोणासाठी नव्हे. कोणी बघावं म्हणून ती बाग फुललेलीच नव्हती. मला चक्क भीती वाटली. देवळाच्या गाभाऱ्यात एकटं सापडलं की वाटते तशी. इतकी वर्षं मी या माणसाला खांब आणि सज्जे रंगवायला लावत होतो, या विचारानं माझी मलाच लाज वाटली.

पण माणूस धंद्याचा. ती लाज फार टिकली नाही. कारण दुसऱ्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की पायऱ्या, कुंड, पाण्यावरचा उजेड, हे सगळं बरोब्बर मधे आहे. सोडलेली जागा नव्हतीच.

"मास्तर, माझं गिऱ्हाईक कुठं उभं करू? त्या पांगाऱ्यावर?" माझा आवाज चढला. "जन्मभर दुसऱ्यांना सांगितलंत की मधली जागा मोकळी ठेवा, आणि माझ्याच पडद्याला हे?"

मास्तर हात पुसत होते. "वाळू द्या," ते म्हणाले.

"वाळलाय तो!"

"पडदा वाळलाय. तुमी वाळायचं ऱ्हायलाय."

तरीही मी माझाच हेका चालवला. दुसऱ्या दिवशी साखरपेठेतल्या एका विणकराच्या घरची मंडळी फोटोला येणार होती. घरात तेलुगू बोलणारी माणसं; नवरा-नवरी, आईबाप, काका, आणि सत्तरीची आजी. मी बागेचा पडदा स्टुडिओत नेऊन टांगला. म्हटलं, बघू या, माणसं पुढे उभी राहिली की बाग आपोआप मागे जाईल. मास्तर कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. त्यांनी काही विरोध केला नाही. पण दोन्ही हात गुडघ्यांवर असे घट्ट धरले होते की नखं पांढरी पडली होती, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मी मंडळींना ओळीनं उभं केलं, कॅमेऱ्यामागे गेलो, काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि काचेवर बघितलं. कॅमेऱ्यात सगळं उलटं दिसतं, त्यामुळे आधी माझा गोंधळ उडाला. चेहरे कुठं गेले? सगळ्या पाठीच दिसत होत्या. फडकं काढून पाहिलं, तर अख्खं कुटुंब माझ्याकडे पाठ करून पडद्याकडे तोंड करून उभं! नवरीच्या मुंडावळ्यांची गाठ मला मागून दिसत होती. नवरा तिला बोटानं कुंड दाखवत होता. मी टाळ्या वाजवल्या, "इकडं, इकडं बघा" म्हणून ओरडलो. सगळे वळले, आणि मी फडक्यात शिरेपर्यंत एकेकाची मान पुन्हा मागे. आजी तर वळलीच नव्हती. तिनं हळूच पायातल्या वहाणा काढल्या, कडेला ठेवल्या, आणि अनवाणी दोन पावलं पुढे जाऊन मोडक्या मराठीत मला विचारलं, "बाबा, हितं पानी कुठून येतंय?"

पाण्याला तरसणाऱ्या सोलापुरात सगळं आयुष्य काढलेल्या बाईनं दुसरं काय विचारावं?  कोपऱ्यातून मास्तरांचा आवाज आला, "टाकी गळती, आज्जी. वर, चित्राच्या भाईर." आजीनं मान डोलावली. तिचं समाधान झालं. मग ती मागे सरली, आपल्या माणसांना तेलुगूत काहीतरी बोलली आणि ती सगळी मंडळी भिंतीकडेला जाऊन उभी राहिली. पडद्यापुढची जागा मोकळी झाली. मी न सांगता.

मी मास्तरांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत नव्हते. ते त्या माणसांच्या मागे जाऊन उभे राहिले होते आणि मान इकडून तिकडे हलवत, एकेक पाठ, एकेक वर झालेली मान त्या ताटलीएवढ्या नजरेत गोळा करत होते. त्या दिवशी मी माझा हट्ट सोडला. कुटुंबाचा फोटो खांबाच्या पडद्यापुढे काढून दिला आणि पुढचे पंधरा दिवस बागेपुढे दोरी बांधून ठेवली.

गाव लोटलं असं म्हणणार नाही. पण येणारा माणूस दुसऱ्याला घेऊन पुन्हा यायचा. गिरणीची पाळी सुटली की अंगावर कापसाचे कण तसेच घेऊन माणसं जिना चढायची, आणि इतका गलका करत येणारी ती माणसं दोरीपाशी गप्प व्हायची. एक टांगेवाला रोज यायचा. "या अल्ला, कित्ता हरा है जी," एवढंच म्हणायचा, थोडा वेळ उभा राहायचा, आणि खाली घोड्याकडे जायचा. मास्तर सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे असत. कोणाला ठाऊकच नव्हतं की रंगवणारा हा. मी सांगायला गेलो तर मला त्यांनी गप्प केलं.

पडदा उतरवायच्या आदल्या दिवशी मी म्हणालो, "मास्तर, या बागेचा एक फोटो काढून ठेवू. आणि तुम्ही तिच्या शेजारी उभे राहा." ते एकदम दचकले. "म्या? म्या पुडं उभा ऱ्हायलो तर मागचं कोन बगंल? नुस्ता बागंचा काडा." मी सांगितलं की आमच्या काचेवर लाल रंग काळा उमटतो, फुलं सगळी काळी येतील. "येऊं देत," मास्तर म्हणाले. "मला बी आता काळीच दिसत्यात."

पानन्‌पान यावं म्हणून मी भिंगाचं तोंड अगदी बारीक केलं. अशा वेळी काचेला उजेड पुरा पडायला वेळ लागतो. दीड मिनिट भिंगावरची टोपी काढून ठेवायची असं ठरवलं. टोपी काढली आणि मनातल्या मनात आकडे म्हणायला लागलो. निम्मं झालं असेल, तेवढ्यात मास्तर स्टुलावरून उठले आणि सरळ पडद्यापाशी गेले! खाली डाव्या बाजूला कापडाला बारीकशी चुणी पडली होती. ते वाकले, ती चुणी दोन्ही हातांनी ताणून धरली, सरळ झाली असं बोटांना वाटेपर्यंत तसेच थांबले, आणि निवांतपणे परत येऊन बसले. नाटकात दिवे मंद झाले की पडदेमास्तरांनी हेच करायचं असतं. टोपी निघालेली त्यांना दिसलीच नव्हती; त्यांच्या हिशेबी खेळ अजून सुरूच व्हायचा होता.

मी कपाळाला हात लावला. माझा चेहरा त्यांना दिसला नसावा, पण माझा श्वास ऐकू गेला. "काय झालं? म्या मधी आलो व्हय?" त्यांचा आवाज एवढासा झाला होता. एवढी वर्षं ज्या गोष्टीची वाट पाहिली, तिच्या मधे आपणच उभे राहिलो, हे त्यांना कळलं होतं.

"थांबा, काच धुऊन बघतो," मी म्हणालो.

अंधाऱ्या खोलीत काच धुतली, तिच्यावरून कागद उमटवला, आणि औषधाच्या पाण्यातून बाग हळूहळू वर आली. पान आणि पान. आणि पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, दुसऱ्या पायरीवर, धुक्याचा एक पट्टा. चेहरा नाही, हात नाही. धोतर-सदऱ्याचा पांढरेपणा तेवढा राहिला होता, आणि त्यातून मागचं शेवाळ स्पष्ट दिसत होतं. बाहेर येऊन मी मन घट्ट करून म्हणालो, "नाही मास्तर. पुढं कोणी नाही. नुसती बाग आहे." त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मला तो अजून ऐकू येतो. काच मी पुन्हा घेतली नाही. घेतली असती तर त्यांना कारण सांगावं लागलं असतं.

वर्ष सरता सरता त्यांची नजर अगदीच आवळत आली. त्यांनी कधी नाव न काढलेल्या बहिणीचा थोराड मुलगा माझं पत्र मिळाल्यावर सांगोल्याहून न्यायला आला. निघताना मास्तर माझ्या अगदी जवळ आले आणि थांबले. सवयीप्रमाणे माझ्या मागे बघायला गेले, पण मागचं त्यांना आता काही दिसत नव्हतं. दिसत होता तो मधला तुकडा, आणि त्यात माझं तोंड होतं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. "आसं दिसता व्हय तुमी," ते म्हणाले. "आन् वैनी कुटं हायत?" बायको पुढे झाली. तिलाही त्यांनी तसंच पाहिलं. ती रडत होती. "निळी भिंत न्हाई आता," ते म्हणाले, "पर बरं झालं, मानूस बगायचं ऱ्हाऊन गेलं हुतं." दोन वर्षांनी भाच्याचं कार्ड आलं. ते गेल्याचं कळवणाऱ्या त्या तीन ओळी बायकोनं वाचून दाखवल्या आणि त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही.

पुढे एकदा मुंबईहून येताना मी मुद्दाम केमला उतरलो. बंगला म्हणजे चार भिंती उरल्या होत्या. पाण्याच्या टाकीखाली ओल होती खरी. तिथं रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला बिडी ओढत बसला होता, त्याला मी बाग विचारली. "बाग? हितं?" तो हसला. "दोन कन्हेरी हायत की. बाकी समदी घानेरी माजलीया. आमच्या बापाच्या वक्तालाबी येवडंच हुतं." मी त्या दोन कन्हेरींपाशी बराच वेळ उभा राहिलो. पायऱ्या होत्या, दोनच. कुंड नव्हतं. जाई नव्हती. मग ती अख्खी बाग कुठून आली होती? पुढची गाडी येईपर्यंत मी त्या घाणेरीच्या झुडपांकडे बघत बसलो, आणि खरं सांगतो, वहाणा काढून बसलो.

पडदा माझ्याकडे आहे, पण गुंडाळलेला. सरस जुना झाला की भुसभुशीत होतो. उलगडायला घेतला की हिरवी भुकटी फरशीवर सांडते, म्हणून आम्ही उलगडायचं सोडून दिलं. फोटो मात्र स्टुडिओत दर्शनी भिंतीवर आहे. निम्म्या गावाचे फोटो काढले म्हणतो मी, पण मास्तरांचा म्हणून फोटो माझ्याजवळ दुसरा नाही. येणारे-जाणारे विचारतात, पायऱ्यांवर हे धुकं कसलं? टाकी गळते तिथली वाफ असेल, असं बायको परस्पर सांगून टाकते.

त्या दिवशी मी मास्तरांशी खोटं बोललो, ही टोचणी मला पुष्कळ वर्षं होती. आता नाही. त्यांनीच शिकवल्याप्रमाणे मी ती गोष्ट वाळू दिली. मी सांगितलं तेच खरं होतं. बागेच्या पुढे कोणी उभं नाही. मास्तर दुसऱ्या पायरीवर आहेत, आत, आणि त्यांच्या अंगातून मागचं सगळं दिसतं.